साळवे मास्टरांचे डोळे

एप्रिल लागला की आमच्या भागात दोन गोष्टी एकाच आठवड्यात दिसू लागतात. वस्तीच्या कमानीवर निळ्या पताका चढतात आणि कॉलेजच्या फळ्यावर परीक्षेचं वेळापत्रक लागतं. मी आता बदलापूरला चित्रकला शिकवते. कलेच्या इतिहासाचा पेपर जवळ आला की मुलं मला जिन्यात गाठतात आणि दरवर्षी तोच प्रश्न विचारतात, "मॅडम, चित्रकारांची नावं किती पाठ करायची?" यंदा हा प्रश्न एका मुलीने विचारला. मी उत्तर द्यायला तिच्याकडे वळले. खिडकीतून पांढरंफटक ऊन आत आलं होतं. जिन्यात टर्पेंटाइनचा वास होता. माझ्या स्वतःच्या परीक्षेचा तो उन्हाळा असा काही दाटून आला की ती मुलगीच मला म्हणाली, "मॅडम, बसता का जरा?"

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी एकोणीस वर्षांची होते आणि अंबरनाथ पूर्वेहून उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये चित्रकलेच्या डिप्लोमाला जात होते. आमचं कॉलेज म्हणजे एका इमारतीचा वरचा मजला. खाली जीन्स शिवायचा कारखाना. वीस-पंचवीस मशिनी एकदम सुरू झाल्या की आमच्या पायाखालची फरशी थरथरायची आणि रंग कालवायच्या मगातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठायची. सरळ रेषा मारायची असेल तर मशिनी थांबायची वाट बघायला लागायची. दुपारी जेवायच्या सुट्टीत त्या थांबल्या की आम्ही सगळे एकदम कागदावर वाकायचो.

कलेचा इतिहास शिकवायला पुष्पा मॅडम होत्या. सिंधी, पन्नाशीच्या, पांढऱ्या साडीला कायम कुठेतरी रंगाचा डाग. मराठी बोलता बोलता त्या कधी हिंदीत शिरायच्या ते त्यांनाही कळायचं नाही. त्यांचा भाऊ परदेशात होता आणि तो तिथल्या संग्रहालयांतून चित्रांची पोस्टकार्डं पाठवायचा. ती सगळी एका बुटांच्या खोक्यात होती. आमच्या पुस्तकातली चित्रं काळी-पांढरी, धुरकट छापलेली, त्यामुळे ते खोकं उघडलं की आम्ही अक्षरशः त्यावर पडायचो. पण मॅडमनी प्रत्येक कार्डाच्या मागे कागद चिकटवून चित्रकाराचं नाव झाकलं होतं.

"नाव कळलं की तुम्ही बघायचं बंद करता," त्या म्हणायच्या. "पहले देखो. नाव परीक्षेच्या आधी सांगते."

मग आम्हीच त्यांना नावं ठेवली. एक ठिपकेवाला. एक सफरचंदवाला. एक बेटावर जाऊन राहिलेला. एक पिवळ्या शेतांचा, ज्याच्या आकाशातला वारा दिसायचा. खरी नावं पुढे कळली, पाठ केली, पेपरात लिहिली. आजही ती मला येतात. पण मनात ती माणसं अजून आमच्याच नावांनी राहतात, म्हणून इथेही तशीच राहू देत.

अभ्यासक्रमात त्यांच्यासाठी शब्द होता उत्तर-दृक्प्रत्ययवाद. हा शब्द एका ओळीत मावला नाही म्हणून मी वहीत तो तोडून लिहिला होता. मॅडमनी तो अगदी सोपा करून सांगितला. "यांच्या आधीच्या लोकांनी उजेड पकडला. क्षणाचा उजेड. पाण्यावरचा, गवतावरचा. फार सुंदर. मग हे आले आणि म्हणाले, ठीक आहे, उजेड पकडला, अब आगे? डोळ्याला दिसतं तेवढंच चित्र का?" तिथून पुढे सगळं बदलत गेलं. कुणी रंग ठिपक्यांत मोडला आणि तो परत जोडायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवलं. कुणी बायकोच्या चेहऱ्यावर नाकावरून कपाळापर्यंत हिरवा पट्टा ओढला. घनवाद आला तेव्हा मॅडम आम्हाला सरळ खाली कारखान्यात घेऊन गेल्या. कटिंगच्या टेबलावर एक जीन्स उलगडून ठेवली होती. पुढचा भाग, मागचा भाग, खिसे, पट्टा, सगळं सपाट, शेजारी शेजारी. "पॅन्ट समोरून बघितली तर मागचा खिसा दिसतो का? इथे दिसतो. बस, यही है घनवाद," त्या म्हणाल्या. कटिंग करणारे चाचा हातातली कात्री तशीच धरून आमच्याकडे बघत राहिले.

हे सगळं मी संध्याकाळी घरी येऊन बाबांना सांगायचे.

माझे बाबा कापड रंगवण्याच्या कारखान्याच्या लॅबमध्ये शेड, म्हणजे रंगाची छटा, जुळवायचं काम करायचे. व्यापारी कापडाचा एक तुकडा आणून देई आणि म्हणे, हाच रंग पाहिजे. बाबा तो तुकडा बघायचे आणि कुठला रंग किती टाकायचा ते सांगायचे. मग नमुना निघायचा, तो मूळ तुकड्याला लावून बघायचा, पुन्हा थोडा लाल, पुन्हा चिमूटभर पिवळा. त्यांनी 'पास' म्हटल्याशिवाय कापडाचा गठ्ठा टाकीत उतरायचा नाही. शिक्षण सातवीपर्यंत, पण कारखान्यात साहेबांपासून सगळे त्यांना मास्टर म्हणायचे. साळवे मास्टर.

ठिपकेवाल्याबद्दल मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांना जराही नवल वाटलं नाही. शर्टाच्या खिशातून त्यांनी एक करडा पुठ्ठा काढला. पोस्टकार्डाएवढा, मधोमध चौकोनी खिडकी कापलेला.

"रंगाला शेजार असतो," ते म्हणाले. "लालाच्या शेजारी बसवलास तर करडासुद्धा हिरवट दिसतो. म्हणून आधी शेजार काढायचा, मग रंग बघायचा." त्यांनी पुठ्ठा माझ्या ओढणीवर ठेवला. खिडकीतून दिसलेला रंग माझ्या ओढणीचा आहे यावर माझा विश्वास बसेना.

दुसऱ्या दिवशी हे मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे समजायला त्या लोकांना किती वर्षं लागली माहितीये? तुझे बाबा तर आपल्यातलेच निघाले." ते मी घरी येऊन सांगितलं, तर बाबा लाजले. आईकडे बघून म्हणाले, "ऐकलंस का?" आई भाकरी थापत होती. ती नुसती हसली.

मार्चपासून बाबा संध्याकाळी मला नमुने दाखवू लागले. डब्याच्या झाकणात लपवून दोन छोट्या पट्ट्या आणायचे, एक मूळ कापडाची, एक रंगवलेली. "तुझी परीक्षा घेतो. सांग, काय कमी आहे?" मी पुठ्ठ्याच्या खिडकीतून बघून सांगायचे. थोडं लाल. थोडं मळकट. ते मान हलवायचे, कागदाच्या चिठोऱ्यावर काहीतरी लिहायचे. मला वाटायचं, बाप मुलीला शिकवतोय. मी खुश होते. इतकी वर्षं जे फक्त त्यांच्यापाशी होतं ते माझ्या डोळ्यांत उतरतंय असं वाटायचं.

एकच नियम त्यांनी घालून दिला होता. "ट्यूबलाइटखाली जुळलं तर खरं मानायचं नाही. काही रंग उजेड बदलला की पळतात. सकाळी दारात उभं राहून परत बघायचं, मगच सांगायचं."

आणि मग चौदा एप्रिल आला. जयंतीचं मोठं निळं कापड, जे कमानीवर आडवं लावायचे, ते दरवर्षी बाबाच घरच्या पातेल्यात रंगवायचे. तो निळा अंबरनाथात दुसरीकडे कुठे दिसायचा नाही. बाजारचा निळा त्यांना पसंत नव्हता, म्हणायचे त्यात जीव नाही. त्या वर्षी माझी प्रॅक्टिकलची तयारी सुरू होती, मी दिवसभर कॉलेजात होते, त्यामुळे रंग त्यांनी एकट्यानेच लावला. सकाळी विहारासमोर चौघांनी कापड उलगडलं.

कापड जांभळं होतं. निळ्याच्या जवळचं, पण जांभळंच. पिकलेल्या जांभळासारखं.

कुणी काही बोललं नाही. मंडळाचे अध्यक्ष असलेले काका एवढंच म्हणाले, "मास्टर, यंदा गडद घेतला वाटतं." बाबा हसून म्हणाले, "उन्हात जरा उतरेल." आणि त्या माणसांनी ते कापड कमानीवर चढवलं. पताका निळ्या, झेंडे निळे, मध्ये ते जांभळं. मिरवणूक त्याच्याखालून गेली. बाबा पांढऱ्या शर्टात, छाती काढून, कापडाकडे अभिमानाने बघत उभे होते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघताना मला कळलं की त्यांना ते निळं दिसतंय.

त्या दुपारी मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. ती म्हणाली, "मला दिवाळीपासून माहितीये. त्यांनी दोनदा माझा निळा ब्लाउज हिरव्या साडीवर काढून ठेवला. मी तसाच घातला."

"मग बोलली का नाहीस?"

"ते बोलले असते तर मी बोलले असते."

संध्याकाळी बाबा ओट्यावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. कसं विचारावं ते कळेना. शेवटी सरळच विचारलं, "बाबा, ते नमुने तुम्ही मला शिकवायला आणत नव्हतात ना?"

त्यांनी खिशातला पुठ्ठा काढून ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, "सगळ्यावर चहा सांडल्यासारखं दिसतं गं. दीड वर्ष झालं. लाल-पिवळं अजून पकडतो. निळं हातातून जातं."

"डॉक्टरला दाखवू."

"दाखवलं की कारखान्यात कळणार. आणि डोळ्याला चाकू लागल्यावर आहे तेही राहिलं नाही तर?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला तिथे मास्टर म्हणतात, सुजाता. हे डोळे काढून घेतले तर मागे काय राहतं? नुसता साळवे."

आमच्या घरातल्या माणसांना कुणी मास्टर म्हणावं यासाठी किती पिढ्या गेल्या होत्या, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, "तुम्ही आणत जा नमुने. मी बघत जाईन."

तिथून पुढचे दोन आठवडे आम्ही दोघांनी मिळून ते काम केलं. आता खेळ राहिला नव्हता. संध्याकाळी पट्ट्या यायच्या, मी बघायचे, सकाळी दारातल्या उजेडात पुन्हा बघायचे, ते चिठोऱ्यावर लिहून घेऊन जायचे. दिवसभर कॉलेजात मी मॅडमच्या खोक्यातली कार्डं बघायचे. घरी येऊन बाबांच्या पट्ट्या. तिकडे सावलीला जांभळं आणि झाडाला तांबडं करायची मोकळीक होती, इकडे केसभरही इकडेतिकडे चालणार नव्हतं. दोन्ही ठिकाणी काम डोळ्याचंच. कधी कधी मधेच मला वाटायचं की आपण दोन वेगळ्या गावांत राहतोय.

एका संध्याकाळी मेंदीसारख्या हिरव्या रंगाची जोडी आली. ट्यूबलाइटखाली अगदी एकजीव. दुसऱ्या दिवशी सकाळीच वर्ग होता आणि मॅडम परीक्षेसाठी चित्रकारांची नावं सांगणार होत्या. मला उशीर झाला होता. बाबांनी चपला घालता घालता विचारलं, "दारात बघितलंस?"

"बघितलं," मी म्हटलं. "जुळलंय."

मी बघितलं नव्हतं.

सात-आठ दिवसांनी मी कॅम्प तीनच्या बाजारातून कॉलेजकडे चालले होते. एका कपड्याच्या दुकानासमोर शेठ रस्त्यावर उभे राहून ओरडत होते. हातात एक शिवलेला शर्ट. कॉलर आणि खिसा आधीच्या कापडाचे, बाकी शर्ट नव्या गठ्ठ्यातला. दुकानात, दिव्याखाली, तो एकाच रंगाचा असणार. बाहेर उन्हात कॉलर हिरवी होती आणि शर्ट मातकट तपकिरी.

"अरे साईं, धूप में लाके देख! अंदर एक कलर, बाहर दूसरा! पूरा माल ऐसा है!" शेठ शेजारच्या दुकानदाराला सांगत होते. "कारखाने में फोन किया. बोले, तौलने वाले पाटील ने गडबड की है. उसको निकाल रहे हैं."

मला तो हिरवा ओळखू आला. माझे पाय तिथेच थांबले. कुणीतरी रिक्षेचा भोंगा वाजवला तेव्हा मी बाजूला झाले. त्या दिवशी मी वर्गात गेले, बसले, मॅडम काय शिकवत होत्या ते मला आजही आठवत नाही.

घरी आले तर बाबा आधीच आलेले. भिंतीला टेकून बसले होते, डबा न धुता तसाच शेजारी. मी काही बोलायच्या आतच दारात माणूस उभा राहिला. दामू पाटील. बदलापूरच्या पलीकडच्या गावचे, कारखान्यात रंगाची पूड तोलायचे. मी त्यांना लहानपणापासून ओळखत होते. उन्हाळ्यात करवंदं घेऊन यायचे. त्या दिवशी हात रिकामे होते.

ते आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरच बसले. "मास्तर," ते म्हणाले, "मी काटा बराबर धरला व्हता. तुमच्या चिठ्ठीवर जा व्हतं, ताच तोललं. साहेब म्हनतात तूच चुकलास. तुम्ही येकदा सांगा त्यांना. तुमचा शब्द खाली नाय पडायचा."

बाबांनी आईला पाणी आणायला सांगितलं. पाटील पाणी प्यायले. बाबा म्हणाले, "दामू, तू घरी जा. उद्या कामावर ये, नेहमीसारखा."

पाटील गेले. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा विश्वास होता की मला त्यांच्याकडे बघवेना. दार लोटल्यावर मी बाबांपुढे बसले. "बाबा, मी त्या दिवशी खोटं बोलले. दारात बघितलंच नव्हतं."

"माहितीये," बाबा म्हणाले.

"कसं माहितीये?"

"दारात उभी राहिली असतीस तर मला दिसली असतीस. एवढं दिसतं अजून." त्यांनी डोळे चोळले. "मला माहीत होतं, तरी मी ती पट्टी नेली आणि पास म्हटलं. आपली शेड मागे आलेली नव्हती आजवर, म्हणून वाटलं चालून जाईल. तू चुकलीस ते घरात. मी चुकलो ते कारखान्यात. तुझं तू बघ, माझं मी बघतो."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्या शांत बोलण्याने मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जयंतीला घातलेला पांढरा शर्ट घातला. आईने विचारलं नाही, इस्त्रीही तिनेच केली होती. साहेबांच्या केबिनमध्ये काय झालं ते मला पाटलांकडून पुढे कळलं. बाबांनी आत जाऊन दार उघडंच ठेवलं, बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल असं. म्हणाले, "साहेब, पाटलाचा काटा बरोबर होता. चिठ्ठी माझी चुकली. मला दीड वर्ष निळा रंग दिसत नाही. मी लपवलं." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. नमुने घरी आणत होते, तेही माझ्यासाठीच त्यांनी सांगितलं नसावं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं म्हणे. मग त्यांनी उठून बाबांना खुर्ची दिली.

पाटील कामावर राहिले. बाबांना लॅबमधून काढून पॅकिंगला टाकलं. तिथे पुठ्ठ्याची खोकी आणि सुतळी. खोकी सगळी एकाच रंगाची.

त्यानंतर दोनच दिवसांनी माझा कलेच्या इतिहासाचा पेपर होता. ठिपक्यांच्या चित्रपद्धतीवर प्रश्न आला. मी रंगाला शेजार असतो असं लिहिलं, आणि मग पुढे लिहिता येईना. आजूबाजूला पेनांची खरखर चालली होती, खाली मशिनी थरथरत होत्या, आणि मी विचार करत होते की या माणसांना चुकायची मुभा कुणी दिली? आकाश पिवळं केलं म्हणून कुणाचा गठ्ठा परत आला नाही. मग आठवलं, मॅडमनी सांगितलं होतं की त्यांतल्या कितीकांची चित्रं जिवंतपणी कुणी घरातही लावली नाहीत. लोक हसले. त्यांना रानटी म्हटलं. म्हणजे त्यांचेही गठ्ठे परत आलेच होते, फक्त त्यांनी शेड बदलली नाही. हे मी पेपरात लिहिलं की नाही ते आठवत नाही. पास झाले, एवढं खरं.

निकालाच्या दिवशी मी मॅडमना सगळं सांगितलं. अगदी सगळं, माझ्या खोट्यासकट. वाटलं होतं त्या समजूत घालतील. त्या म्हणाल्या, "चित्रात काय वाटेल ते कर, सुजाता. पण बघितलं नसेल तर बघितलं असं म्हणू नकोस. यही एक चीज़ नहीं चलती." आणि मग त्यांनी पर्समधून डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता काढून दिला. त्यांच्या सासूबाईंचं ऑपरेशन तिथेच झालं होतं. त्या स्वतः आमच्याबरोबर आल्या. बाबा वाटेत एकदाच बोलले, "मॅडम, तुमच्या त्या ठिपकेवाल्याला माझा नमस्कार सांगा." मॅडम इतक्या जोरात हसल्या की रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं.

एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन श्रावणात झालं. पट्टी निघाली त्या सकाळी बाबा दारात उभे राहिले. एक डोळा झाकायचे, दुसरा उघडायचे. पुन्हा उलट. मग म्हणाले, "आई गं, पांढरा रंग किती पांढरा असतो!" त्यांनी माझी ओढणी बघितली, आईची साडी बघितली, समोरच्या घराचं दार बघितलं. घरातल्या प्रत्येक निळ्या वस्तूला हात लावून आले, स्टोव्हच्या जाळासमोर तर कितीतरी वेळ बसले. आणि मग विहारात गेले. जयंतीचं कापड तिथल्या पेटीत घडी करून ठेवलेलं होतं. मी बरोबर होते. त्यांनी घडी उलगडली आणि खिडकीपाशी नेली.

कापडाचा काठ त्यांनी उजेडात धरला. मग म्हणाले, "हे असं होतं?"

"हो."

"आणि हे त्यांनी लावलं? कमानीवर?"

"हो."

"कुणीच बोललं नाही मला."

ते कापड त्यांनी पुन्हा घडी करून पेटीत ठेवलं. बाहेर आल्यावर अध्यक्ष काका भेटले. बाबांनी त्यांचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. काका म्हणाले, "मास्टर, सोडा हो, दुकान उघडायचंय मला." दोघेही हसले, पण हात त्यानंतरही थोडा वेळ तसाच होता.

नजर आली, पण लॅब परत मिळाली नाही. तिथे एव्हाना रंग मोजायचं यंत्र बसलं होतं. बाबा त्याला बघायला गेले, दोन प्रश्न विचारले आणि परत येऊन सुतळी बांधायला लागले. मला वाटायचं ते आतून मोडतील. तसं झालं नाही. काहीतरी कमी मात्र झालं. रस्त्यातून जाताना लोकांच्या कपड्यांबद्दल बोलायचे ते बोलणं बंद झालं. नव्वदीची निम्मी वर्षं अशीच गेली. मला नोकरी लागली, आम्ही बदलापूरला राहायला आलो, बाबा निवृत्त झाले.

मागच्या हिवाळ्यात मुंबईत एक प्रदर्शन आलं होतं. थोडी मूळ चित्रं, बाकी मोठ्या छापील प्रती. मी बाबांना घेऊन गेले. ठिपकेवाल्यापाशी ते फारसे थांबले नाहीत, म्हणाले, "हुशार आहे." सफरचंदवाल्याच्या एका लहानशा मूळ चित्रापुढे मात्र त्यांचे पाय अडकले. टेबल, पांढरं कापड, पाच-सहा फळं. पांढऱ्यात निळं होतं, हिरवं होतं, विटकरी होतं. टेबल एका बाजूला कललेलं. बाबा इतके जवळ गेले की रखवालदाराला सांगावं लागलं, "चाचा, थोडा पीछे."

मी विचारलं, "काय बघताय?"

"चूक शोधतोय," ते म्हणाले. अजून थोडा वेळ गेला. मग ते माझ्याकडे वळले. चेहरा असा, जसं कुणीतरी त्यांना फार जुनी गोष्ट आज सांगितली होती. "सुजाता, याला जुळवायचंच नव्हतं. मी तीस वर्षं दुसऱ्याने दिलेल्या तुकड्याला रंग जुळवला. याला कुणी तुकडा दिलाच नव्हता."

"मग तो काय करत होता?"

"स्वतःच बघत होता. आणि स्वतःच पास म्हणत होता."

परत येताना ते खिडकीबाहेर बघत होते. घरी आल्यावर चहा घेतला, कप ठेवला आणि जरा चाचरत म्हणाले, "तुझ्याकडे एखादा कागद असेल का? मोठा नको."

मी कागद दिला, रंग दिले, ब्रश दिला. ब्रश त्यांनी पेनासारखा धरला. मी काही सांगितलं नाही. गॅलरीत बसून त्यांनी समोरचा डोंगर काढायला घेतला. चार संध्याकाळी गेल्या. डोंगराचा आकार ओबडधोबड आला, झाडं शेंगदाण्यांसारखी. पण रंग! पायथ्याशी वांगी, मग विटकरी, आणि वरचा कडा सरळ लालभडक, कसलीही भीड न ठेवता लावलेला.

रविवारी दामू पाटील आले. तेही आता कामावरून उतरलेत, महिन्यातून एकदा येतात. त्यांचा जन्म त्या डोंगराच्या पायथ्याशी गेलेला. भिंतीला टेकवून ठेवलेलं चित्र त्यांनी बघितलं, डोकं तिरकं करून पुन्हा बघितलं.

"मास्तर, ह्यो आमचा डोंगर का?"

"हो."

"मी साठ वर्सं बघतोय. येवढा लाल कवा व्हता तो?"

मी स्वयंपाकघरात होते. हातातलं काम थांबवून ऐकत राहिले. मला वाटलं बाबा म्हणतील, जरा चुकलंच.

"मंगळवारी," बाबा म्हणाले. "सहा वाजून गेल्यावर. तू बघत नव्हतास, दामू. मी बघत होतो."